बोलीचा हेल आणि बोलण्याचा संकोच

शाळेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलास पाटी, पुस्तक व गणवेश ह्या वस्तू वडीलधाऱ्यांकडून वा शाळेकडून मिळतात. परंतु एक वस्तू ते स्वतः घरून घेऊन येते. ती म्हणजे त्याची बोली. आईच्या मांडीवर, गोठ्यात, शेताच्या बांधावर आणि आठवड्याच्या बाजारात ती त्याने न शिकविता उचललेली असते. ऊन, भूक, भीती व माया ह्यांची नावे त्याला ह्याच बोलीत कळलेली असतात. शाळेतील पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ मुलांच्या ध्यानात येते की, आपले बोलणे बाईंच्या किंवा गुरुजींच्या बोलण्यासारखे नाही. पुस्तकासारखे तर मुळीच नाही. येथून दोन वाटा फुटतात. शिक्षकाने ते बोलणे आपुलकीने ऐकून घेतले, तर मूल बोलत राहते व बोलता बोलता पुस्तकाची भाषाही उचलते. ते हसण्यावारी नेले, तर मूल गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलास भाषा शिकविण्याचा उपाय अद्याप कोणास सापडलेला नाही.

ह्या दुसऱ्या वाटेवर किती मुले जातात ह्याची नोंद हजेरीपटात होत नाही. उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारा मुलगा, प्रकट वाचनाची पाळी आली की घसा बसल्याचे निमित्त सांगणारी मुलगी, स्नेहसंमेलनात पडदा ओढण्याचे काम आनंदाने पत्करणारा परंतु दोन वाक्यांची भूमिका नाकारणारा विद्यार्थी, अशी मुले पुष्कळदा 'मंद' किंवा 'लाजाळू' म्हणून ओळखली जातात. वस्तुतः त्यांतील कित्येकांना एकच धास्ती असते : तोंड उघडले की आपले गाव कळेल आणि लोक हसतील. प्रस्तुत लेखात ह्या संकोचाची कारणे, त्यामागील भाषेची वस्तुस्थिती आणि वर्गात करावयाचे उपाय ह्यांचा विचार केला आहे.

१. हेल कशाला म्हणतात?

'अमुक जिल्ह्याचा माणूस हेल काढून बोलतो' असे आपण सहज म्हणतो. ह्या प्रादेशिक ढंगात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि शिक्षकाने त्या वेगळ्या ओळखावयास शिकले पाहिजे.

पहिली गोष्ट सूर. वाक्यात आवाज कोठे चढतो, कोठे उतरतो, कोणते अक्षर लांबते, ह्यांवरून मालवणचा माणूस, कोल्हापूरचा माणूस व नागपूरचा माणूस डोळे मिटूनही ओळखता येतो. दुसरी गोष्ट ध्वनी. 'पाणी' ह्या शब्दास वऱ्हाडात व खानदेशात 'पानी' म्हणतात; देशावरील अनेक खेड्यांत 'वेळ' हा 'येळ' होतो आणि 'विहीर' ही 'इहीर' होते. तिसरी गोष्ट शब्द व रूपे. वऱ्हाडी मूल 'मला' ऐवजी 'मले' म्हणते, मालवणी मूल 'माका' म्हणते. नांदेडकडील मूल 'मी जात आहे' ह्या अर्थी 'मी जायलो' म्हणते.

बोलण्यास मुळीच हेल नाही असा माणूस पृथ्वीवर नाही. पुण्याच्या बोलण्यासही हेल आहे. तो पुणेकरास ऐकू येत नाही इतकेच. तान्ह्या मुलाचा कान पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत भोवतालच्या भाषेतील ध्वनींना सरावतो, आणि जे ध्वनिभेद त्या भाषेत उपयोगाचे नाहीत ते त्याला हळूहळू वेगळे ऐकू येईनासे होतात. वाढत्या वयात जीभ व कान ही सवय इतकी पक्की करतात की प्रौढपणी ती पूर्णपणे मोडणे फार थोड्यांना साधते. म्हणून हेल हा आळसाचा, अडाणीपणाचा किंवा हट्टाचा परिणाम मानणे चुकीचे आहे. तो माणसाच्या बाळपणाचा पत्ता होय.

२. प्रमाणभाषा कशी घडली?

पुष्कळ शिक्षकांची मनापासून अशी समजूत असते की, पुस्तकातील मराठी ही मूळची शुद्ध भाषा असून खेड्यापाड्यांतील बोली ही तिची बिघडलेली रूपे होत. भाषेच्या इतिहासात ह्या समजुतीस आधार नाही.

मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून मान्यता पावलेले 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केले. त्याचा संबंध वऱ्हाडातील, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील, रिद्धपूरशी आहे. आणि ज्या चक्रधरस्वामींचे चरित्र त्यात सांगितले आहे ते स्वतः गुजरातेतून आलेले होते. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे सांगितली गेली. एकनाथांचे वास्तव्य गोदाकाठच्या पैठणास. सारांश, मराठी ग्रंथरचनेची पहिली शतके वऱ्हाड, मराठवाडा व गोदाकाठ ह्या भागांत गेली.

पुण्याकडील शिष्टांच्या बोलण्यास जे महत्त्व आले ते फार नंतर, व त्याची कारणे राज्यकारभाराची आहेत. पेशवाईत सत्ता पुण्यास एकवटली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजी अंमलात शाळा, छापखाने व क्रमिक पुस्तके ह्यांचा व्याप मुंबई-पुण्यात वाढला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये व त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे व्याकरण १८३६ मध्ये निघाले. कोशास व व्याकरणास कोठले तरी एक रूप धरावेच लागते. सुशिक्षितांच्या तोंडी जे रूप होते ते पुस्तकात आले आणि पुस्तकात आले म्हणून ते 'प्रमाण' ठरले. राजधानी अन्यत्र असती व छापखाने अन्यत्र निघाले असते, तर आज 'पानी' हे प्रमाण रूप होऊन 'पाणी' म्हणणारा मुलगा संकोचला असता.

ह्या काळात महाराष्ट्राचे सर्व भाग एका राज्यात नव्हते हेही लक्षात घ्यावे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता व तेथे उर्दूचे प्राबल्य होते; विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता व तेथे हिंदीचा निकट सहवास होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे भाग मुंबई राज्यास जोडले गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाल्यावर कुडाळपासून गडचिरोलीपर्यंतच्या मराठी मुलांच्या हाती एकाच मंडळाची क्रमिक पुस्तके येऊ लागली. पुस्तक एक झाले. पण घरोघरची जीभ त्यामुळे एक झाली नाही, आणि ती तशी व्हावी अशी अपेक्षाही नाही.

'प्रमाण' आणि 'शुद्ध' ह्या दोन शब्दांतील भेद येथे स्पष्ट होतो. प्रमाण म्हणजे सर्वांनी सोयीसाठी मान्य केलेले माप. गावोगावची शेर-पायली निरनिराळी असली तरी व्यवहारासाठी किलोग्राम सर्वांनी मान्य केला. त्यामुळे शेराने मोजणारे आजोबा अप्रामाणिक ठरत नाहीत.

३. बोलीलाही नियम असतात

बोली ही नियमहीन असते असे वाटते, कारण तिचे नियम आपण कोठे लिहिलेले वाचलेले नसतात. काही उदाहरणे पाहू.

'पाणी' हे शुद्ध व 'पानी' हे अशुद्ध, असे आपण सांगतो. परंतु मूळ संस्कृत शब्द 'पानीय' असा असून त्यात दंत्य 'न' आहे. 'लोणी' हा शब्द 'नवनीत' ह्यापासून आला. त्यातही 'न'च आहे. म्हणजे संस्कृताशी जवळीक हीच जर शुद्धतेची कसोटी मानली, तर 'पानी' व 'लोनी' म्हणणारी वऱ्हाडी मुलगी त्या कसोटीस उतरते व आपण उतरत नाही! वस्तुतः दोन्ही ठिकाणी नियमच आहे. एका बोलीत स्वरानंतरचा 'न' मूर्धन्य झाला. दुसरीत 'न' आणि 'ण' ह्यांचा एकच ध्वनी झाला.

खानदेशातील व वऱ्हाडातील पुष्कळ लोक 'ळ' च्या जागी 'य' उच्चारतात. 'काळा' हा 'काया' होतो, 'डोळा' हा 'डोया' होतो, 'केळी' ही 'केयी' होते. हा बदल कधी होतो व कधी होत नाही असे नाही. तो शिस्तीने होतो. मूल 'डोया' म्हणते तेव्हा ते चुकत नसून आपल्या बोलीचा नियम पाळीत असते.

रूपांच्या बाबतीत तर काही बोली प्रमाणभाषेहून अधिक बारकावा दाखवितात. वऱ्हाडीत 'कर' व 'करजो' ह्यांत भेद आहे. 'कर' म्हणजे आता कर. 'करजो' म्हणजे पुढे, वेळ आली म्हणजे, कर. हा भेद एका रूपाने दाखविण्याची सोय पुस्तकी मराठीत नाही. तसेच कोल्हापूरकडील मुलगी 'मी आलो' असे म्हणते, तेव्हा बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकास ती लिंगाची चूक वाटते. परंतु तिची आई व आजीही तसेच म्हणतात. त्या भागातील तो रूढ प्रयोग आहे. तिच्या वहीत 'मी आले' हे रूप यावे ह्यासाठी तिला शिकवावे, पण तिला मुलगा म्हणून चिडवू नये व चिडवू देऊ नये.

विद्वानांनी ह्या बोलींकडे आदराने पाहिले आहे. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला व त्यात ठिकठिकाणच्या बोलींचे नमुने दिले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले असून त्यात सामान्य स्त्रीपुरुषांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत. ज्या बोलण्याची नोंद घेण्यासाठी संशोधक गावी जातात, त्याच बोलण्याबद्दल त्या गावातील मुलास शाळेत मान खाली घालावी लागू नये.

४. संकोच कसा उत्पन्न होतो?

मुलास आपल्या हेलाची लाज जन्मतः नसते; ती त्याला कोणी तरी शिकवितो. बहुधा आरंभ एका हशाने होतो. मूल काही सांगू लागते, त्याच्या तोंडी घरचा शब्द येतो, वर्ग हसतो आणि शिक्षक गप्प राहतो किंवा स्वतःही हसतो. कधी शिक्षक त्याची नक्कल करून दाखवितो. त्याचा हेतू वाईट नसतो. मुलाने सुधारावे असेच त्याला वाटत असते. परंतु मुलाच्या मनात त्याचा अर्थ निराळा होतो. जी भाषा आपली आई बोलते तीच हसण्याजोगी असेल, तर आई हसण्याजोगी आहे; आपले घर हसण्याजोगे आहे. हा निष्कर्ष ते कोणास बोलून दाखवीत नाही. पालकसभेस आईने येऊ नये असे मात्र ते सुचवू लागते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. आपल्या समाजात बोलण्यावरून केवळ गाव ओळखले जात नाही; जात व ऐपतही ताडली जाते. त्यामुळे हेलाची थट्टा ही पुष्कळदा केवळ हेलाची नसते. जे उच्चार वाड्यातील मुलाच्या तोंडी 'गोड' वाटतात, तेच वस्तीवरील मुलाच्या तोंडी 'गावंढळ' ठरतात. आपण ज्या मुलाच्या बोलण्यास हसलो, ते दुसऱ्या घरातील असते तर आपण हसलो असतो काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारून पाहावा.

ह्या हसण्यातील विसंगती आपल्या साहित्याच्या इतिहासातही दिसते. जळगाव जिल्ह्यातील असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी ह्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी आपल्या घरच्या खानदेशी बोलीत रचिलेली गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे ह्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली व महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. जळगावच्या विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांची कविता आपण वर्गात तन्मयतेने शिकवितो. आणि त्याच वर्गात कोणी मुलगी बहिणाबाईंच्याच उच्चाराने बोलली की आपण तिला दुरुस्त करतो. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आपली कीर्तने आयुष्यभर वऱ्हाडीतच केली. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याकडून उत्तरे घेत ते बोलत, आणि पंढरपुरापासून मुंबईपर्यंत लोकांना ते कळे. उद्धव शेळके ह्यांच्या 'धग' ह्या १९६० मधील कादंबरीने वऱ्हाडी बोलीस आणि मच्छिंद्र कांबळी ह्यांनी गाजविलेल्या 'वस्त्रहरण' ह्या नाटकाने मालवणीस सर्व महाराष्ट्रात मान मिळवून दिला. मुलांना ही उदाहरणे अवश्य सांगावीत. पण ती सांगण्यापूर्वी आपले वागणे त्यांच्याशी जुळते आहे ना, हे पाहावे.

कायद्याचा आशयही हाच आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिनियमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी आणि मूल भय व चिंता ह्यांपासून मुक्त असावे, असेही त्यात म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक वर्गांत घरच्या भाषेचा आदर करण्यावर भर दिला आहे.

५. वर्गात काय करावे?

मुलाचे बोलणे ऐकताना शिक्षकाने प्रथम मनाशी वर्गवारी करावी. प्रत्येक प्रकारास उपाय निराळा आहे.

(अ) सूर व लकब : ह्यांस मुळीच हात लावू नये. त्यांमुळे अर्थ बिघडत नाही, लेखन बिघडत नाही, आणि त्या बदलण्याचा खटाटोप मुलास केवळ अवघडून टाकतो.

(आ) लेखनात उतरणारे उच्चारभेद : 'न' व 'ण', 'ल' व 'ळ', 'श' व 'स', 'वे' व 'ये' ह्यांचे घोटाळे वहीत दिसू लागतात. येथे रागावून उपयोग नाही. कारण ज्या मुलाच्या बोलीत हे दोन ध्वनी एक झालेले आहेत त्याला त्यांतील भेद पुष्कळदा ऐकूच येत नाही. म्हणून जिभेच्या आधी कान तयार करावा. 'मन–मण', 'सन–सण', 'तन–तण', 'वेल–वेळ', 'माल–माळ', 'गाल–गाळ' अशा जोड्या शिक्षकाने म्हणाव्यात व मुलांनी केवळ हात वर करून पहिला की दुसरा शब्द ते सांगावे. काही दिवस हा खेळ झाल्यावर जीभ कोठे लागते ते दाखवावे. 'न' उच्चारताना जिभेचे टोक दातांच्या मागे टेकते. 'ण' उच्चारताना ते वर वळून टाळूकडे जाते. रोज पाच मिनिटे पुरेत.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. 'न' म्हणू नकोस, 'ण' म्हण, असा सरसकट धाक घातला की मूल 'मन' ला 'मण' व 'नको' ला 'णको' म्हणू लागते. ही अतिदक्षतेतून आलेली चूक होय. ती दिसली की समजावे की मूल शिकत नसून घाबरत आहे.

(इ) शब्दभेद व रूपभेद : ह्यांसाठी वर्गाच्या भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावावा. एका रकान्यास 'घरचा शब्द' व दुसऱ्यास 'पुस्तकातला शब्द' असे नाव द्यावे. 'चूक' व 'बरोबर' असे मथळे कटाक्षाने टाळावेत. शब्द मुलांनी आणावेत. आजी-आजोबांना विचारून आणले तर अधिक चांगले. महिन्याभरात तक्ता भरतो आणि मुलांना कळते की आपल्याजवळ एकाच वस्तूसाठी दोन शब्द आहेत. शहरातील मुलापेक्षा हे एक धन आपल्याजवळ अधिक आहे, ही जाणीव संकोचावरचे उत्तम औषध होय.

(ई) बोबडेपणा, अडखळणे व श्रवणदोष : ह्यांचा हेलाशी संबंध नाही. मूल आपल्या घरच्या माणसांहूनही निराळे, अस्पष्ट बोलत असेल, तर त्याची तपासणी करविली पाहिजे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथकाच्या भेटीच्या वेळी अशी मुले आवर्जून दाखवावीत. श्रवणदोषास हेल समजून सोडून देणे हे हेलास दोष समजण्याइतकेच हानिकारक आहे.

बोलण्याच्या वेळी पाळावयाचा नियम एकच : मुलाचे वाक्य मध्येच तोडू नये. ते म्हणाले, 'बाई, मले पानी पाह्यजे,' तर 'मले नव्हे, मला म्हण' असे सांगून त्याला तहानलेले उभे करू नये. 'तुला पाणी हवे आहे का? जा, पिऊन ये,' एवढे म्हणावे. त्यात त्याला पाणी मिळाले आणि प्रमाण वाक्यही मिळाले. असे दिवसातून वीस वेळा घडले की शिकवणी आपोआप होते. पहिली व दुसरीच्या वर्गांत अनुभवकथन पूर्णपणे घरच्या बोलीत होऊ द्यावे. तिसरीपासून 'हेच आता पुस्तकाच्या भाषेत सांगा' असा दुसरा खेळ जोडावा. प्रकट वाचनात, कथाकथनात व वक्तृत्व स्पर्धेत केवळ हेलासाठी गुण कापू नयेत. आशय, ठणठणीत आवाज व विचारांचा क्रम ह्यांस गुण द्यावेत.

लेखनात मात्र प्रमाण रूपांचा आग्रह क्रमाक्रमाने वाढवावा. तेथेही एक सवलत ध्यानात ठेवावी : मराठी लेखनाच्या नियमांनीच पात्राच्या तोंडचा मजकूर उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मुभा दिली आहे. म्हणून संवाद किंवा गोष्ट लिहिताना मुलाने आजीच्या तोंडी आजीचीच भाषा घातली, तर तेथे लाल रेघ ओढू नये.

६. शिक्षकाचा स्वतःचा संकोच

हा संकोच केवळ मुलांनाच असतो असे नाही. आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून आलेले आहेत. अध्यापक विद्यालयात असताना हेलाबद्दल ऐकलेले टोमणे पुष्कळांच्या मनात अद्याप सलत असतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेत उत्तम अनुभव जवळ असूनही बोलावयास न उठणारे शिक्षक, वरिष्ठ अधिकारी वर्गात आले की एकाएकी कृत्रिम पुस्तकी स्वरात बोलू लागणाऱ्या शिक्षिका, विदर्भातून कोकणात बदलून गेल्यामुळे पहिले काही महिने मुलांच्या हशाला तोंड देणारे तरुण गुरुजी, ही चित्रे आपल्या परिचयाची आहेत. आणि ज्याला स्वतःच्या बोलण्याची लाज वाटते तोच मुलांच्या बोलण्यावर अधिक कठोर होतो, असाही अनुभव येतो. कारण मुलाच्या तोंडून त्याला आपलाच जुना हेल ऐकू येतो.

अशा शिक्षकाने पुण्याची नक्कल करू नये. नक्कल टिकत नाही आणि तिच्या नादात सांगावयाचा मुद्दा सुटतो. त्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे : वाक्याचा शेवट गिळू नये, वेग बेताचा ठेवावा, आणि श्रुतलेखनाच्या वेळी 'ण', 'ळ', 'श' हे वर्ण विशेष स्पष्ट उच्चारावेत. ह्यातील तिसरी गोष्ट न्यायाची आहे. आपण 'पानी' असे सांगावयाचे आणि मुलाने 'पाणी' असे लिहावे अशी अपेक्षा ठेवावयाची, हे बरोबर नाही. आपला पाठ भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून एकांतात ऐकल्यास आपले उच्चार आपल्याला कळतात. जो वर्ण साधत नसेल त्याविषयी मुलांना मोकळेपणाने सांगावे : 'आपल्याकडे आपण असे बोलतो; पुस्तकात असे लिहितात.' ह्या एका वाक्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट मुलांना कळते की, असा हेल असूनही माणूस शिकू शकतो, शिक्षक होऊ शकतो आणि चारचौघांत बोलू शकतो.

परजिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाने मुलांच्या हशास भिऊ नये. त्याने मुलांनाच आपले गुरू करावे व त्यांचे शब्द वहीत टिपून घ्यावेत. आपला शब्द गुरुजी लिहून घेतात हे पाहिले की मुले हसण्याचे विसरतात व शिकविण्यास पुढे सरसावतात.

७. एका शंकेचे उत्तर

काही शिक्षक प्रामाणिकपणे विचारतात : बोलीचे इतके कौतुक केले तर मुले प्रमाणभाषेत कच्ची राहणार नाहीत काय? पुढे त्यांना परीक्षा द्यावयाची आहे, अर्ज लिहावयाचा आहे, मुलाखतीस जावयाचे आहे; तेथे जग त्यांच्या हेलास सवलत देईल काय?

ही शंका रास्त आहे आणि तिला टाळून चालणार नाही. प्रमाणभाषा न शिकविता मुलास बोलीतच ठेवणे हा त्याच्यावर अन्यायच होय. कारण सातबाऱ्याचा उतारा, न्यायालयाचा निकाल, औषधाच्या वेष्टनावरील सूचना व वर्तमानपत्र ही प्रमाणभाषेत असतात. ज्याला ती भाषा येत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून प्रमाणभाषा प्रत्येक मुलाला, वस्तीवरील शेवटच्या मुलाला, चांगली आलीच पाहिजे. प्रश्न केवळ तिच्याकडे जाण्याच्या वाटेचा आहे. घरच्या बोलीचा ओटा पाडून त्या दगडांनी प्रमाणभाषेचा वाडा बांधता येत नाही; त्या ओट्यावर पाय ठेवूनच वाड्यात शिरावे लागते. 'डोया' म्हणणाऱ्या मुलास 'डोळा' हा शब्द देणे हे शिक्षण होय. 'डोया' म्हणण्याची लाज देणे हे शिक्षण नव्हे, आणि त्याने 'डोळा' हा शब्द लवकर येतो असेही नाही.

जगाच्या सवलतीविषयी असे म्हणता येईल की, मुलाखतीत पुष्कळांचे नुकसान हेलापेक्षा हेलाच्या भीतीने होते. ती भीती असली की माणूस अर्धे बोलतो, मान खाली घालतो, माहीत असलेले उत्तरही गिळतो. दहा वर्षे ज्याचे बोलणे शाळेने ऐकून घेतले आहे असा विद्यार्थी आपल्या हेलासकट ताठ मानेने बोलतो, आणि ऐकणारा थोड्याच वेळात हेल विसरून मुद्दा ऐकू लागतो.

८. विनंती

सर्व शिक्षक-शिक्षिकांनी पुढील महिन्यात आपापल्या वर्गात एवढे करून पाहावे. हजेरीपट समोर घेऊन, गेल्या आठवड्यात ज्या मुलांचा आवाज एकदाही ऐकला नाही त्यांच्या नावांपुढे बारीक खूण करावी. त्या मुलांशी वर्गाबाहेर, व्हरांड्यात किंवा मैदानावर, त्यांच्या घरच्या बोलीत दोन-चार वाक्ये बोलावीत. त्यांच्याकडून त्यांच्या गावचा एखादा शब्द मागून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी तो तक्त्यावर त्यांच्याच हाताने लिहवावा. महिना संपल्यावर खुणा पुन्हा मोजाव्यात. जमविलेले शब्द केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणल्यास ते एकत्र करून तालुक्याचा लहानसा शब्दसंग्रह तयार होईल व नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांस तो फार उपयोगी पडेल.

दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपले वाडवडील म्हणत आले. आपल्या शाळेत येणारे प्रत्येक मूल त्या बारा कोसांतील कोठल्या तरी एका घरातून येते. त्याने बोलावे, निर्भयपणे बोलावे, आणि बोलता बोलता सर्व महाराष्ट्राशी बोलावयास शिकावे, एवढे साधले तर भाषेच्या तासाचे बरेचसे काम झाले असे समजावे.